मदत येईपर्यंत

सिंगापुरात राहणाऱ्या माणसाला आकस्मिक दुखण्याचे भय फारसे उरलेले नाही, हे प्रारंभीच मान्य केले पाहिजे. ९९५ क्रमांकावर फोन केला की बहुतेक प्रसंगी अकरा मिनिटांच्या आत रुग्णवाहिका दाराशी येते. सरकारी वसाहतींतील कित्येक इमारतींत तळमजल्यावर, लिफ्टपाशी, थांबलेले हृदय पुन्हा चालते करणारे यंत्र भिंतीवर टांगलेले असते. ही व्यवस्था भूषणावह आहे. परंतु तिने आपल्याला एक सवयही लावली आहे. संकट आले की फोन करावा आणि बाजूला उभे राहावे.

या सवयीची फळे मी स्वतः पाहिली आहेत. काही वर्षांपूर्वी आम्ही सहा-सात स्नेही जोहोरमधील लेडांग पर्वतावर गेलो होतो. उंची १,२७६ मीटर, म्हणजे फार नव्हे. उतरताना आमच्यातील एक गृहस्थ असंबद्ध बोलू लागले, त्यांचे पाय लटपटू लागले आणि थोड्याच वेळात ते कोसळले. अंग तव्यासारखे तापलेले. आमच्यात दोन अभियंते, एक हिशेबतपासनीस व एक प्राध्यापक होते; काय करावे हे मात्र एकालाही ठाऊक नव्हते. फोन तेथे लागत नव्हता. तेव्हा त्यांना उचलून धावतपळत खाली न्यावे, एवढेच आम्हांला सुचले. बरोबरच्या मलाय वाटाड्याने आम्हांला अक्षरशः दटावून थांबवले. त्याने त्यांना जवळच्या ओढ्यात मानेपर्यंत निजवले, डोके स्वतःच्या हातांवर तोलून धरले आणि ते नीट बोलू लागेपर्यंत कोणालाही हलवू दिले नाही. आधी थंड करायचे, मग खाली न्यायचे, एवढेच तो म्हणाला. उष्माघातात हाच नियम आहे, हे मला पुढे कळले. ते गृहस्थ वाचले. पण त्याचे श्रेय आमच्या पदव्यांकडे जात नाही.

रानावनातील तातडीच्या उपचारांचे शास्त्र म्हणतात ते हेच. अमेरिकेत या विषयाला वाहिलेली वैद्यकीय संस्था १९८३ साली निघाली. शहरातला प्रथमोपचार हा मदत येईपर्यंतच्या पाच-दहा मिनिटांचा विचार करतो. येथे प्रश्न तासांचा, क्वचित संपूर्ण रात्रीचा असतो. मोडलेल्या हाताला काठ्यांच्या कामट्या कशा बांधाव्यात, चादरीची झोळी कशी करावी, पावसात भिजून कुडकुडणाऱ्याचे ओले कपडे प्रथम का उतरवावेत, कोणाला चालवत न्यावे आणि कोणाला जागचे मुळीच हलवू नये, हा त्याचा अभ्यासक्रम. यात डॉक्टर होण्याचा प्रश्न नाही.

५ जून २०१५ चा दिवस सिंगापूर विसरलेले नाही. सकाळी सव्वासातच्या सुमारास साबामधील किनाबालू पर्वत भूकंपाने हादरला आणि अठरा जण मृत्यू पावले. त्यांत येथील तांजोंग काटोंग प्राथमिक शाळेचे सात विद्यार्थी, दोन शिक्षक आणि त्यांच्यासोबतचा एक सिंगापुरी मार्गदर्शक होता. कोसळत्या शिळांपुढे कोणतेच प्रशिक्षण चालत नाही; तसे सुचवणे हा त्या मुलांचा अवमान होईल. परंतु त्याच दिवशी वर शंभराहून अधिक गिर्यारोहक अडकून पडले होते. त्यांना मोडक्या वाटांवरून पायी खाली आणले ते मुख्यतः तेथल्याच गावांतील वाटाड्यांनी. मदत बाहेरून येण्यापूर्वी ती तेथे असावी लागते.

या तत्त्वाचा सर्वांत मोठा दाखला मला कोकणात सापडतो. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, डोळ्यांदेखत दगावत. त्यांनी रोग्यांच्या उशाशी रात्री काढून मृत्यूचे कारण शोधले आणि पुढे रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी या विषावर लागू पडते असे दाखवून दिले. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी शंभरांत पंचवीस-तीस दगावत. ते प्रमाण एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की या उपचाराला मुंबईची वाट धरावी लागत नाही. तो खेड्यातल्या पहिल्याच दवाखान्यात होतो.

आपल्या घराण्यांना हे नवे नसावे. आपल्यापैकी काहींचे पणजोबा रत्नागिरीकडून मुंबई बंदरामार्गे मॉरिशसच्या उसात गेले, काहींचे मद्रासेकडून मलायाच्या रबरात. करार करणाऱ्यांनी जंगल तोडायला माणसे पाठवली. त्यांच्या हिवतापाची चिंता फार उशिरा केली. मळ्यावर डॉक्टर क्वचित येई. रोज दिसे तो ड्रेसर, म्हणजे जखमा धुणारा, क्विनाइन देणारा, अल्पशिक्षित मदतनीस. त्याच्या मर्यादा होत्या, काही ठिकाणी तो मालकाचाच माणूस असे. तरीही तो तेथे होता.

अर्धवट ज्ञान घातक, असा आक्षेप येईल. परंतु सर्पदंश झाल्यावर जखम चिरणे, विष चोखणे, दोरी करकचून आवळणे हे सगळे अर्धवट ज्ञान आपल्यापाशी आजच आहे. चित्रपटांनी ते भरपूर पुरवले आहे. प्रशिक्षण प्रथम ते काढून टाकते. उरते ते थोडके: माणसाला धीर द्या, अंगठी-कडे काढा, अवयव पट्टीने स्थिर करा, त्याला चालू देऊ नका, वेळ टिपून ठेवा आणि विषावरची लस असलेले रुग्णालय गाठा.

आपल्या मंडळाची मुले शाळेतर्फे पुलाऊ उबिनला जातात, डिसेंबरच्या सुट्टीत सह्याद्रीचे किल्लेही चढतात. अशा प्रत्येक सहलीत निदान दोघे शिकलेले असावेत आणि त्यांनी दर दोन वर्षांनी उजळणी करावी. हात न वळवला तर हे सारे विसरते. खर्च मंडळाने करावा. एका वर्षी रोषणाई थोडी कमी झाली तर कोणाचे काही अडणार नाही, असे मला वाटते. सहलीच्या अर्जात जेवण शाकाहारी की मांसाहारी, असा रकाना आपण आखतोच. त्याच्या शेजारी, बरोबर प्रशिक्षित कोण, हा रकाना पुढच्या अर्जापासून असावा, अशी कार्यकारिणीला माझी विनंती आहे.