शिंगाची मूठ व तिची पावती

हातकाठी ही वार्धक्याची शोभा नसून त्याचा तिसरा पाय होय, हे गिरगावातील चाळींचे लाकडी जिने रोज चढणाऱ्या वृद्धांस आम्ही सांगावयास नको. परळच्या रुग्णालयांभोवतालच्या दुकानांत हल्ली मिळते ती ॲल्युमिनियमची नळी. ती हलकी आहे, स्वस्त आहे, आणि तिची उंची कमीजास्त करिता येते. तिची निंदा करण्याचे आम्हांस प्रयोजन नाही. आमची तक्रार विक्रेत्याविषयी आहे. गिऱ्हाइकास नेहमीचे जोडे घालून सरळ उभे करावे, हात सैल सोडण्यास सांगून जमिनीपासून मनगटाच्या घडीपर्यंतचे माप घ्यावे, काठी धरल्यावर कोपर किंचित वाकलेले राहते की नाही हे पाहावे, आणि ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावयाची असते हे समजावून द्यावे, एवढ्या गोष्टीस दोन मिनिटेही लागत नाहीत. परंतु बहुतेक ठिकाणी काठी कागदात गुंडाळून दिली की व्यवहार संपला! हाताने काठी घडविणाऱ्यास मात्र माप टाळताच येत नाही. कारण लाकूड एकदा आखूड कापले म्हणजे ते कोणाच्या विनवणीने लांबत नाही.

अशी काठी घडविण्यास लागते काय? सरळ रेषांचे, गाठ नसलेले, चांगले वाळलेले लाकूड, आणि मुठीकरिता म्हशीचे शिंग. शिंगाच्या आत हाडाचा गाभा असतो, तो काढून टाकला म्हणजे बाहेरचे कवच उरते. टोकाकडचा भाग तेवढा भरीव. आपल्या नखांच्याच जातीचे हे द्रव्य, म्हणून उष्णतेने ते मऊ होते. मऊ असतानाच ते वाकवून साच्यात आवळावयाचे व निवेपर्यंत तसेच ठेवावयाचे, की घेतलेला बाक कायम राहतो. आच अधिक झाली तर केस जळल्यासारखी दुर्गंधी सुटते आणि माल फुकट जातो. पुढे करवत, कानस, घासकागद व शेवटी झिलई. खरी परीक्षा सांध्याची. मुठीत व दांड्यात भोके पाडून आत धातूची सळई बसवितात आणि सांध्यावर पितळेचे कडे चढवितात. पण मुंबईच्या पावसाळ्यात लाकूड फुगते, शिंगही थोडे हलते, आणि घाईने केलेला सांधा श्रावणापर्यंत खिळखिळा होतो. खाली शेंबीवर रबराचे बूड हवेच. ओल्या फरशीवर नुसते लोखंड म्हणजे अपघातास आमंत्रण.

हे कसब आपल्या मुलखास परके नाही. कोकणातील विजयदुर्ग गव्याच्या शिंगाच्या नक्षीदार जिनसांकरिता एके काळी नावाजलेला होता; इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांत त्याची नोंद आहे. आज गव्याचे शिंग विकणे हा गुन्हा आहे, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गव्यास अभय दिले आहे, आणि ते योग्यच झाले. जुन्या कारागिरीच्या प्रेमापोटी कोणी त्यात सवलत मागेल तर आम्ही त्याच्या विरुद्ध उभे राहू. म्हशीची गोष्ट निराळी. राज्यात २०१५ साली बैल व वळू यांच्या कत्तलीस बंदी झाली, तीत म्हैस आली नाही. १९७१ पासून चालू असलेल्या महापालिकेच्या देवनार कत्तलखान्यात म्हशी कायदेशीरपणे कापल्या जातात. तेव्हा माल निर्दोष. मात्र वाकवून घासलेले काळे शिंग म्हशीचे, बैलाचे की गव्याचे, हे रस्त्यावर अडविणाऱ्या शिपायास कळावे कसे? आणि कारागिराने ते सिद्ध करावे कशाने? कायदा ज्यास मोकळीक देतो त्यास संशय बांधून ठेवितो. न्यायालयात निर्दोष सुटण्यापूर्वीच त्या गरिबाचा हंगाम बुडालेला असतो.

दुसरी अडचण कायद्याने घातलेली नाही, ती आमच्या मनात आहे. मेलेल्या जनावराशी संबंध आला की तो धंदा हलका, ही समजूत शिकलेल्या घरांतूनही गेलेली नाही. कातड्याचे जोडे पायात, कातड्याचे पाकीट खिशात. शिंगाची झिलईदार मूठ काचेच्या कपाटात पाहिली की वाहवा. पण तीच मूठ घडविणारा शेजारची खोली भाड्याने मागावयास आला म्हणजे चाळीतील सभ्य गृहस्थांस त्याच्या कामाचा वास एकाएकी येऊ लागतो. मेलेली जनावरे ओढण्याचे काम टाका, असे डॉ. आंबेडकरांनी आपल्या बांधवांस सांगितले, ते ते काम जन्माने लादलेले व अपमानाने माखलेले होते म्हणून. स्वखुशीने शिकलेले व रोख दाम मिळविणारे कसब त्या सदरात घालणे, मग घालणारा सनातनी असो वा नवशिका सुधारक, आम्हांस मान्य नाही.

महापालिकेने एवढे करावे: देवनारहून बाहेर पडणाऱ्या शिंगांच्या प्रत्येक गठ्ठ्यास जनावराची जात व तारीख लिहिलेली, शिक्क्याची पावती द्यावी, आणि दहा-वीस शिंगे घेणाऱ्या लहान कारागिरासही ती नाकारू नये. उत्तर प्रदेशात संभलजवळील सराय तरीन येथे शिंग-हाडांच्या कामावर वस्त्याच्या वस्त्या पोट भरीत आहेत. मुंबईस निदान दोन-चार कारखाने जड नाहीत. आणि दादर-लालबागच्या दुकानदारांनी तयार काठ्यांच्या जुडग्याशेजारी मोजण्याची एक फीत टांगावी, माप लिहून घ्यावे व मागणी कारागिराकडे पाठवावी. काठीबरोबर शिंगाच्या पावतीची नक्कल गिऱ्हाइकास द्यावी.