लहान घराची शोभा

घर लहान असले म्हणजे ते शोभिवंत करता येत नाही, असा पुष्कळांचा समज असतो. ज्यांस ते शोभिवंत करण्याची हौस असते ते बहुधा त्यात सामान भरीत जातात. माझ्या मते लहान घरातील सर्वांत मौल्यवान वस्तू म्हणजे मोकळी जमीन होय, आणि तिच्यावर पहिला हक्क घरातील शिकणाऱ्या मुलांचा आहे.

आपल्या बडोद्यात अनेक जुने वाडे जाऊन सदनिका उभ्या राहिल्या. अशा सदनिकेतील बैठकीची खोली बारा फूट लांब व दहा फूट रुंद, म्हणजे १२० चौरस फुटांची आहे असे धरू. तीत तिघांचा कोच २१, दोन खुर्च्या १८ आणि मधले टेबल ६ चौरस फूट जागा अडविते. एकूण ४५ चौरस फूट जागा क्वचित येणाऱ्या पाहुण्यांसाठी राखली जाते. आणि रोज अभ्यास करणारे मूल पलंगाच्या कडेवर वही ठेवून पाठ वाकवून लिहिते! यात शोभा ती कोणती?

पाहुण्यांचा आदर करू नये, असे माझे म्हणणे नाही. परंतु गादी, लोड व तक्के यांची स्वच्छ बैठक हा आदर तितकाच उत्तम रीतीने करू शकते आणि काम संपताच ती आवरताही येते. मुंबईच्या बीडीडी चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोल्यांत कित्येक पिढ्या वाढल्या. सकाळी वळकट्या गुंडाळल्या की तीच जमीन जेवणास व अभ्यासास उपयोगी पडे. त्या अडचणीच्या राहणीचा गौरव करण्याचे कारण नाही. मात्र एका जागेकडून अनेक कामे करून घेण्याची ती युक्ती आजही घेण्यासारखी आहे.

खिडकीपुढे कपाट उभे करू नये. तेथे भिंतीला बिजागरीने जोडलेली, मिटता येणारी फळी बसवावी. उजव्या हाताने लिहिणाऱ्यास प्रकाश डावीकडून मिळावा. भिंतींस फिकट रंग द्यावा. तो प्रकाश परावर्तित करितो. पुस्तके जमिनीवर न मांडता भिंतीवरील फळ्यांवर ठेवावीत. सजावटीची हौस असल्यास संखेड्याचे लाखकाम केलेले एखादे चौरंगासारखे लहान सामान पुरेसे आहे. दहा वस्तूंच्या गर्दीत त्याचे सौंदर्य हरवते.

म्हणून पालकांस विनंती आहे की, येत्या दिवाळीत नवे सामान घेण्यापूर्वी त्याचे माप खडूने जमिनीवर आखावे आणि दोन दिवस त्या रेषांच्या आत पाऊल न ठेवता घरात वावरून पाहावे. विद्यार्थ्यांनीही मिळालेला कोपरा नीटनेटका ठेवून आपला हक्क सिद्ध करावा. ज्या घरात मुलास उजेडात बसून वाचावयास जागा आहे, ते घर मला सजलेले वाटते.