एकी कशासाठीं?

निवडणूक आली कीं निरनिराळे पक्ष एका मांडवाखालीं येतात व सत्ताधाऱ्यांस खालीं ओढण्यासाठीं आम्ही एक झालों, असें रयतेस सांगतात. एकी चांगलीच, पण ती कशासाठीं, हें शेतकऱ्यानें व कारागिरानें आधीं विचारावें.

दाखला आपल्याच मुलखांतला आहे. ६ फेब्रुवारी १९५६ रोजीं पुण्यास संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. शेतकरी कामगार पक्ष, प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन असे एकमेकांशीं न पटणारे पक्ष एकाच मागणीवर उभे राहिले : मुंबईसह मराठी राज्य. १९५७ सालीं पत्री सरकारचे नाना पाटील साताऱ्याहून लोकसभेवर गेले; मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण स्वतःच्या कराडांत कसेबसे निवडून आले. अखेर १ मे १९६० रोजीं राज्य मिळालें. हें एकीचेंच फळ होय.

पुढें काय झालें? मागणी पुरी होतांच गांठ सुटली. १९६२ सालीं काँग्रेसनें विधानसभेच्या २६४ पैकीं २१५ जागा जिंकल्या. साताऱ्याची लोकसभेची जागाही किसन वीरांनीं घेतली. राज्य कोणत्या भाषेचें, ह्यावर समिती एक होती. पण त्या राज्यांत माण-जतच्या पाण्याचें, उसाच्या दराचें, विणकराच्या सुताचें काय, ह्यावर तिला बांधून ठेवील असा करार नव्हता. उलट काँग्रेसनें साखर कारखाने, सोसायट्या व बँका ह्यांच्या रूपानें गांवोगांव खुंटा रोवला. ज्याच्या हातीं कर्जाची वही, त्याच्या मागें गांव गेला.

जुलै १९७८ मध्यें सांगलीच्या वसंतदादा पाटलांचें मंत्रिमंडळ पडलें व शरद पवारांचें पुरोगामी लोकशाही दल सत्तेवर आलें. फेब्रुवारी १९८० मध्यें दिल्लीनें तें बरखास्त केलें. १९८६ सालीं पवारही काँग्रेसमध्यें परतले. पुढाऱ्यांना परतायला घर असतें. त्यांच्या शब्दावर मत देणाऱ्या रयतेनें कोठें परतावें?

बंधुभगिनींनो, एक मालक जाऊन चार मालक आले, तर आपलें काय साधलें? सत्यशोधकांनीं ह्याच सातारा जिल्ह्यांत भटजी-सावकारांस 'कां?' म्हणून विचारावयास शिकविलें. तोच प्रश्न आज आघाडीच्या पुढाऱ्यांस विचारा. पाणी, दर, शाळा ह्यांविषयीं सर्व पक्षांचा एकच करार चावडीवर वाचून घ्या, त्यावर सह्या घ्या, मगच मत द्या. मत हें बियाणें आहे. एकदां पेरलें कीं मुठींत परत येत नाहीं.