खाल्लेलं अंगी का लागत नाही?

आज 20 डिसेंबर, गाडगेबाबांची पुण्यतिथी. 1956 साली याच दिवशी बाबा गेले. कंधार तालुक्यातल्या गावागावांत आज खराटे निघतील, शाळेची पोरं प्रभातफेरी काढतील, ग्रामपंचायतीपुढचा रस्ता लख्ख होईल. हे व्हायलाच हवे. पण आज वाचकांनी अंगणवाडीतल्या उंची मोजायच्या पट्टीकडेही पाहावे, अशी आमची विनंती आहे.

ताई लेकराच्या टाचा पट्टीला टेकवतात, मान सरळ करतात, डोक्यावर आडवी फळी आणतात आणि आकडा वाचतात. तीन वर्षांच्या मुलाची उंची 96 सेंटिमीटरच्या आसपास भरायला हवी. ती 88.7 च्या खाली आली तर त्या मुलाची वाढ खुंटली असे धरतात. अशा लेकराची आई काय म्हणते, ते आपल्या भागात कुणीही सांगेल. "खातो तर बक्कळ, पण अंगी लागत नाही." आजी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढते.

त्या आईचे म्हणणे शब्दश: खरे आहे. विष्ठेतले जंतू पाणी, माती, माशा आणि हात यांच्या वाटेने रोज थोडेथोडे पोटात जात राहिले, तर आतड्याच्या आतली मखमलीसारखी लव झिजते. अन्नरस शोषणारी हीच लव. ती झिजली की घास पोटात जातो, पण रक्तात पुरता उतरत नाही. वाढीला लागणारी ताकद जंतूंशी झुंजण्यात खर्च होते. जुलाब होत नाहीत, ताप येत नाही, दवाखान्यात न्यावे असे काही दिसत नाही, आणि गर्भापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे हजार दिवस निघून जातात. तेव्हा राहिलेली उंची पुढे सहसा भरून निघत नाही. नुसती उंचीच नव्हे, बुद्धीची वाढही याच दिवसांत मागे पडते.

आता एक आकडा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 2015-16 मध्ये महाराष्ट्रातली पाच वर्षांखालील 34.4 टक्के मुले वाढ खुंटलेली होती. 2019-21 मध्ये ते प्रमाण 35.2 टक्के निघाले. या दोन मोजण्यांच्या मधल्या काळात घरटी 12 हजारांचे अनुदान देऊन लाखो शौचालये उभी राहिली. एप्रिल 2018 मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला. मग लेकरांची उंची का हलली नाही? आहार, आईची तब्येत, लहान वयातली लग्ने ही कारणे आहेतच. पण आम्हाला वाटते, आपण शौचालये मोजली आणि गाव स्वच्छ झाले असे मानले, ही चूकही त्यात आहे.

याला पुरावा आहे, आणि तो दोन्ही बाजूंचा आहे. अहमदनगर जिल्ह्यात 2004 साली संपूर्ण स्वच्छता अभियानासाठी चिठ्ठ्या टाकल्यासारखी गावे निवडली गेली. डीन स्पीयर्स आणि जेफ्री हॅमर या अर्थशास्त्रज्ञांना त्या गावांतली मुले इतर गावांतल्या मुलांपेक्षा उंच आढळली. उलट बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेतल्या मोठ्या प्रयोगांत घरोघरी शौचालय, साबण, क्लोरीन देऊनही उंची वाढली नाही. तिथे पूरक आहाराने थोडा फरक पडला. यावरून स्वच्छता फोल आहे असे कुणी म्हणेल. आम्ही म्हणतो, अर्धीमुर्धी स्वच्छता फोल आहे. एका घराने साबण वापरला आणि शेजारची नाली अंगणातून वाहत राहिली, तर रांगणाऱ्या लेकराला त्याचा काय उपयोग?

आपल्याकडे नळ आले, पण पाणी रोज येत नाही. उन्हाळ्यात आठ-आठ दिवस नळ कोरडा. नालीतून गेलेली पाइपलाइन रिकामी झाली की फुटक्या जोडातून सांडपाणी आत ओढून घेते, आणि पुढच्या पाळीला तेच घागरीत येते. घरात आठ दिवसांचे पाणी टाकीत साठते, त्यात तांब्यासकट हात बुडतो. ज्या कंधारात राष्ट्रकूटांच्या काळात जगत्तुंग समुद्र हा तलाव बांधला गेला, तिथे पाणी साठवण्याची अक्कल नव्याने शिकवावी लागू नये. हात न बुडवता पाणी काढायला ओगराळे प्रत्येक टाकीला हवे.

पाणी शुद्ध आहे की नाही, हे गावातच कळते. काळी पडणारी एक छोटी बाटली असते. नळाचे पाणी तिच्यात भरून एक-दोन दिवस ठेवायचे, काळे झाले तर ते पिण्यालायक नाही. ही तपासणी करायला जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना शिकवायचे ठरले आहे. शिवाय पावसाळ्याआधी आणि नंतर स्रोतांची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, हे किती गावकऱ्यांना ठाऊक असते?

आणि लेकराची शी. ती निरुपद्रवी समजून उकिरड्यावर किंवा नालीत टाकायची आपली सवय. पण ही शी मोठ्यांच्या विष्ठेइतकीच घातक असते. ती संडासातच जायला हवी, आणि नंतर हात साबणाने धुवायला हवेत. सांडपाण्याचे काय करावे, हे पाहायला दूर जायला नको. आपल्याच जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे करून नाल्याच संपवल्या. मन्याड नदीकाठच्या गावांना ते का जमू नये?

26 जानेवारीला ग्रामसभा होईल. सरपंचांना आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच, की त्या दिवशी टेबलावर तीन गोष्टी ठेवा: पंचायतीचे कार्ड, पाणी भरलेली ती बाटली, आणि अंगणवाडीतल्या मुलांच्या उंचीची नोंदवही. मुलांची नावे वाचू नका, फक्त किती मुले मागे राहिली तो आकडा वाचा. आणि आयांनो, तो आकडा वाचला गेला नाही, तर उठून विचारा.