चौक लिहिणारीचं नाव

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर लग्नाचा चौक लिहायचा मान सवाशिणींचा. १९७० च्या दशकात ही चित्रं भिंतीवरून कागदावर आली. आता ती चादरींवर नि कपांवरही छापली जातात. "हे थांबवता येत नाही का हो?" असं मैत्रिणी मला विचारतात.

थोडंफार येतं. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, घोलवडच्या चिकूला २०१६ साली. पण मानांकन राखतं ते नाव. कुणी नुसती त्रिकोणी माणसं काढली, तर त्या जोरावर त्याला अडवणं कठीण.

तुम्ही स्वतः रचलेल्या चित्राचा कॉपीराइट मात्र वेगळा. तो नोंदणीशिवायही तुमचाच, हयातभर आणि पुढे ६० वर्षं. तयार चित्र विकलं तरी लेखी दिल्याशिवाय हा हक्क जात नाही. खरी गोम ऑर्डरमध्ये आहे. कुणी पैसे देऊन मुद्दाम चित्र काढून घेतलं, तर वेगळा करार नसल्यास कायद्याने पहिला हक्क त्या गिऱ्हाइकाचा! उद्या त्याने ते हजार पिशव्यांवर छापलं, तर तुम्ही काय म्हणणार? म्हणून ऑर्डर घेतानाच 'कॉपीराइट चित्रकर्तीचा' एवढं कागदावर लिहून दोघांनी सही करावी. ओळखीचं गिऱ्हाईक असलं तरी!

आणि मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदणी करता येते. २०२० साली तिचं शुल्क ५०० वरून १० रुपयांवर आलं. घरात चित्रं तुम्ही काढत असाल, तर त्या अर्जावर नाव कुणाचं घालताय, तेवढं बघा.