ऑट्सेगोचा न्यायाधीश

विल्यम कूपर मूळचा पेनसिल्व्हेनियातला, गाड्यांची चाकं बनवणारा कारागीर. शिक्षण बेताचंच. 1786 मध्ये त्याने न्यूयॉर्क राज्यातल्या ऑट्सेगो तळ्याकाठची 40,000 एकर जमीन विकायला काढली आणि ती सोळा दिवसांत संपली, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. गिऱ्हाइकं बहुतेक फाटक्या खिशाची. पैसे नंतर, हप्त्याने. या जंगलात इरोक्वाय लोक पिढ्यान्‌पिढ्या शिकार करत होते, त्यांना मात्र या हिशेबात जागा नव्हती.

तिथे उभ्या राहिलेल्या गावाचं नाव कूपर्सटाउन. 1791 मध्ये ऑट्सेगो काउंटी झाली आणि पहिला न्यायाधीश झाला तोच कूपर. म्हणजे जमीन त्याची, कुळांवरचं कर्ज त्याचं आणि न्यायासनही त्याचंच! आपल्याकडचे जुने खोत-देशमुख आठवावेत, असा हा थाट. 1792 च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत त्याने मतदारांवर दबाव आणल्याची ओरड झाली. तांत्रिक कारणावरून ऑट्सेगोची मतं बादच झाली आणि त्याचा उमेदवार जॉन जे थोडक्यात हरला.

तरीही त्याला नुसता खलनायक म्हणणं मला जमत नाही. 1789 च्या उपासमारीत त्याने वसाहतकऱ्यांना धान्य पुरवलं, सस्क्वेहाना नदीत आलेले मासे धरून वाटले. सुज्ञ सावकार ऋणको जगवतो, असं कुणी म्हणेल, म्हणू द्या.

1809 मध्ये तो गेला. वारसांच्या हाती उरले ते मुख्यतः कर्जांचे तगादे. धाकटा मुलगा जेम्स फेनिमोर कादंबरीकार झाला आणि 1823 च्या ‘द पायोनिअर्स’मध्ये त्याने बापाच्या वळणाचा एक न्यायाधीश रंगवला, खऱ्यापेक्षा बराच सोज्वळ.