आस खरी की खोटी, हे ठरवणार कोण?

ज्याला देवाने तारणासाठी निवडलेलेच नाही, त्याला तारण हवेसे वाटू शकते का? जिनिव्हात जॉन कॅल्व्हिनने (१५०९-१५६४) निवडीची जी शिकवण रेखीवपणे मांडली, तिच्या पाठोपाठ हा प्रश्न आजवर चालत आला आहे. कोण तरणार आणि कोण नाही हे जगाच्या उत्पत्तीपूर्वीच ठरले आहे. माणसाचे पुण्य, त्याची धडपड, एवढेच काय त्याचा पुढे दिसणारा विश्वाससुद्धा त्या निवडीला कारण नाही. कारण आहे ती केवळ देवाची इच्छा, असे ही शिकवण सांगते. मध्वाचार्यांच्या द्वैतमतातले मुक्तियोग्य, नित्यसंसारी आणि तमोयोग्य हे जीवांचे तीन वर्ग काही वाचकांना इथे आठवतील. पण तिथे भेद जीवाच्या अनादी स्वभावातच आहे. कॅल्व्हिनच्या मते सगळी माणसे सारखीच पतित आहेत आणि त्यांतल्या एकाला उचलणे व दुसऱ्याला आहे तिथेच राहू देणे हा सर्वस्वी देवाचा निर्णय आहे, त्यामुळे प्रश्न जास्तच बोचतो. या शिकवणीवर नेहमी होणारा आरोप चुकीच्या जागी होतो, असे माझे मत आहे. पण तिचाच आधार घेऊन समोरच्या माणसाची आस खोटी ठरवण्याची जी वहिवाट पडली, ती अन्यायाची आहे, आणि ती मोडून काढायला लागणारा पुरावा खुद्द कॅल्व्हिनवाद्यांच्या दप्तरातच आहे.

आधी आरोप पाहू. एक माणूस जीव तोडून देवाला हाक मारतो आहे आणि यादीत नाव नाही म्हणून देव त्याला परत पाठवतो, असे चित्र विरोधक रंगवतात. हे चित्र कॅल्व्हिनवादाचे नाही. लायडनचा प्राध्यापक याकोबुस आर्मिनियस १६०९ मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या अनुयायांनी निवडीच्या शिकवणीला हरकत घेणारी पाच कलमे पुढे आणली. त्यांचा निवाडा करायला हॉलंडमधल्या डॉर्ट्रेख्त (डॉर्ट) शहरात १६१८-१९ मध्ये धर्मसभा भरली. तिने जी मते नाकारली, त्यांत आपल्या प्रश्नाला थेट भिडणारे एक मत आहे: नवा जन्म न झालेल्या माणसालाही नीतिमत्त्वाची आणि जीवनाची भूक-तहान लागू शकते, हे मत. धर्मसभेने ते फेटाळले. देवाची खरी भूक मेलेल्या मनाला लागत नाही. ती लागली असेल तर देवाने त्या मनात आधीच काम सुरू केले आहे, असे तिचे म्हणणे. आधार पौलाचा होता. देवाचा शोध करणारा कोणी नाही, असे तो रोमकरांस लिहितो. आणि इच्छा करणे व कृती करणे ही दोन्ही तुमच्यात देवच घडवतो, असे फिलिप्पैकरांस. तेव्हा या शिकवणीत दाराबाहेर ताटकळणारा माणूस मुळात नाहीच. ज्याला आत यायचे आहे, त्याला आत घेण्याचे आधीच ठरलेले आहे.

हे उत्तर शब्दच्छल म्हणून उडवून लावण्यासारखे नाही. कॅल्व्हिन स्वतः फ्रान्समधून परागंदा झालेला होता, आणि जिनिव्हा त्याच्यासारख्याच निर्वासितांनी भरून गेली होती. घर, धंदा, गाव सोडून आलेल्या आणि मागे राहिलेल्यांचा छळ ऐकत असलेल्या माणसांना, तुमचे तारण तुमच्या डळमळत्या मनावर टांगलेले नाही, असे सांगणे हा मोठा दिलासा होता. माणूस स्वतःच्या बळावर देवाकडे वळू शकतो असे पेलागियस म्हणाला, तेव्हा ऑगस्टीनने पाचव्या शतकात त्याला विरोध केला, तोही याच ओढीने. ज्याने आपल्या इच्छाशक्तीचा दुबळेपणा अनुभवला आहे, त्याला कृपेचा हा आग्रह समजतो.

यावर पहिली हरकत पवित्र शास्त्रातूनच येते. एसावाने आशीर्वादासाठी रडून आकांत केला आणि तरी त्याला तो मिळाला नाही, असे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे. नीतिमानाचे मरण मला यावे, अशी इच्छा बलामाने बोलून दाखवली. पुष्कळ लोक आत जायला पाहतील पण त्यांना जाता येणार नाही, असा इशारा लूकच्या शुभवर्तमानात येशूच देतो. मग न निवडलेल्यालाही हवेसे वाटते, हे सिद्ध नाही का होत? कॅल्व्हिनवादी यावर असे म्हणतात की हवे असणे दोन प्रकारचे असते. एसावाला थोरल्याचा वाटा हवा होता, बलामाला चांगला शेवट हवा होता; देव हवा होता असे दोघांबद्दलही म्हणता येत नाही. मार्ककृत शुभवर्तमानातल्या श्रीमंत माणसाला सार्वकालिक जीवन हवे होते, पण संपत्ती विकायची वेळ आली तेव्हा तो खिन्न होऊन निघून गेला. शिक्षा चुकावी असे वाटणे वेगळे आणि ज्याचा अपराध केला त्याच्याशी समेट व्हावा असे वाटणे वेगळे. हा भेद मला पटतो, आणि धर्म मानणाऱ्या-न मानणाऱ्या कोणालाही तो ओळखता येईल.

अडचण पुढच्या पावलावर येते. हा भेद करायचा कोणी? ‘इन्स्टिट्यूट्स’ या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात विश्वासाविषयी लिहिताना कॅल्व्हिन एक भयंकर विधान करून जातो. न निवडलेल्यांनाही कधी कधी निवडलेल्यांसारखीच भावना होते, इतकी सारखी की त्यांना स्वतःलाही आपल्यात आणि निवडलेल्यांत काही फरक दिसत नाही, असे तो म्हणतो. केंब्रिजच्या विल्यम पर्किन्सने (१५५८-१६०२) या तात्पुरत्या विश्वासाच्या कल्पनेचा विस्तार केला. वेस्टमिन्स्टरच्या विश्वासकबुलीनेही, न निवडलेल्यांच्या ठायी पवित्र आत्म्याचे काही सामान्य कार्य घडू शकते, पण ते ख्रिस्ताकडे खरोखर कधी येत नाहीत, असे नमूद केले. आता परिणाम पाहा. आस हे देवाच्या कार्याचे फळ आहे, या उत्तराने शिकवणीला क्रूरपणाच्या आरोपातून सोडवले होते. तीच आस आता संशयित ठरली. बाहेर ताटकळणारा कोणी नाही हे खरे, पण आत बसलेल्या प्रत्येकाला आपण खरोखर आत आहोत का, हा घोर लागला.

स्कॉटलंडच्या हायलँड भागात आणि लुईस बेटावर हा घोर उघड दिसतो. तिथल्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत उपासनेला नेमाने येणारे पुष्कळ आणि प्रभुभोजनाच्या मेजाशी बसणारे थोडे, अशी स्थिती पिढ्यानपिढ्या राहिली. प्रभुभोजनाच्या आधीच्या शुक्रवारी खऱ्या विश्वासणाऱ्याची चिन्हे कोणती, यावर मंडळीतले जाणते पुरुष बोलत आणि बाकीचे ती चिन्हे आपल्यात शोधत. आयुष्यभर वचन ऐकलेली, घरी रोज प्रार्थना करणारी माणसे आपल्याला खात्री नाही म्हणून मेजापासून दूर राहिली. याहून दुःखद कथा इंग्रज कवी विल्यम कूपरची (१७३१-१८००). ऑल्नी गावात जॉन न्यूटनच्या सोबतीने त्याने लिहिलेली भक्तिगीते आजही गायली जातात. १७७३ च्या सुरुवातीला त्याच्या मनाचा तोल पुन्हा गेला, आपला त्याग झाला आहे असे स्वप्नात कळल्याची त्याची खात्री पटली, आणि पुढची सत्तावीस वर्षे ती खात्री त्याला सोडून गेली नाही. कूपरला आजार होता, आणि धर्माकडे वळण्याआधीही त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला होता, हे सांगितलेच पाहिजे. सगळा दोष शिकवणीवर टाकणे अन्याय होईल. पण त्याच्या निराशेला शब्द पुरवले ते या शिकवणीने. ज्या माणसाला देवावाचून राहवत नव्हते, त्यालाच देवाने आपल्याला टाकल्याची खात्री होती. अशा माणसाची आस खोटी होती असे म्हणायला माझी जीभ धजत नाही.

इथे डॉर्टच्याच दस्तऐवजातले एक कलम महत्त्वाचे ठरते, आणि त्याची आठवण फार कमी जणांना असते. पहिल्या प्रकरणाच्या सोळाव्या कलमात धर्मसभा अशा लोकांविषयी बोलते ज्यांना जिवंत विश्वासाचा, मनाच्या शांतीचा ठळक अनुभव नाही, पण जे वचन, प्रार्थना ही साधने सोडत नाहीत. त्यांनी त्यागाच्या शिकवणीने घाबरू नये, स्वतःला त्यागलेल्यांत मोजू नये, असे ती सांगते. आणि ज्यांना देवाकडे वळण्याची मनापासून इच्छा आहे, पण जे हवे तितके पुढे गेलेले नाहीत, त्यांनी तर मुळीच भिऊ नये. इच्छा आहे एवढेच इथे पुरेसे धरले आहे. ती कितपत शुद्ध आहे याची झडती नाही. मला हे कलम साऱ्या वादातले सर्वांत शहाणे वाटते, आणि तर्कालाही ते धरून आहे. देवाने हलवल्यावाचून मन देवाकडे वळत नाही, असे एकदा मानले, की वळलेले मन हाच देवाने हलवल्याचा पुरावा झाला. पहिले विधान ठेवायचे आणि दुसरे टाकायचे, असे करता येत नाही. कॅल्व्हिननेही ग्रंथाच्या १५५९ च्या शेवटच्या आवृत्तीत निवडीची चर्चा देवाच्या स्वरूपाबरोबर, अगदी सुरुवातीला केलेली नाही; विश्वास, पश्चात्ताप आणि प्रार्थना यांच्यानंतर ती येते. देवाच्या गुप्त ठरावात डोकावणारा माणूस बाहेर न पडता येणाऱ्या चक्रव्यूहात शिरतो, असेही त्याने बजावले आहे. ज्याला विश्वास मिळाला आहे त्याने मागे वळून, हे माझ्या कर्तृत्वाने झाले नाही, असे कृतज्ञतेने म्हणावे, यासाठी ही शिकवण आहे. पुढे काय होणार याचे भाकीत करायला ती नाही.

कडक मताचे लोक म्हणतील की अशाने खोटी खात्री वाढेल. ज्याचे मन बदललेले नाही तोही निर्धास्त होईल. धोका खरा आहे, पण तो कोणाला आहे? ज्याला काही काळजीच नाही त्याला. आपली आस खोटी तर नाही ना, या भीतीने जो तळमळतो आहे, तो निर्धास्त माणूस नव्हे. दोघांना एकच औषध देणाऱ्या पाळकाने शिकवण पाळली असेल, पण माणूस ओळखलेला नाही.

दुसरी हरकत न्यायाची. इच्छा करण्याची शक्तीच नसेल, तर इच्छा न केल्याचा दोष माणसावर कसा? या प्रश्नावर अठराव्या शतकात इंग्लंडच्या बाप्टिस्ट मंडळ्यांत मोठा वाद झाला. न बदललेल्या माणसाला विश्वास ठेवा असे सांगणेच गैर आहे, इथवर काहींची मजल गेली. केटरिंगचे पाळक अँड्र्यू फुलर यांनी १७८५ मध्ये पुस्तक लिहून याला उत्तर दिले. अमेरिकन विचारवंत जोनाथन एडवर्ड्‌सचा भेद त्यांनी घेतला: हातपाय नसल्यामुळे न येऊ शकणे वेगळे आणि यायचेच नसल्यामुळे न येणे वेगळे, दुसऱ्या असमर्थतेत दोष आहे, म्हणून बोलावणे सर्वांना केले पाहिजे. या उत्तराने माझे पूर्ण समाधान होत नाही, कारण ‘यायचेच नाही’ हे मन देव बदलू शकत असता सगळ्यांचे का बदलत नाही, हे तसेच उरते. कॅल्व्हिनला त्या ठरावाचे भय वाटत होते आणि त्याने ते लपवले नाही. पण सर्वांना बोलावले पाहिजे, हा फुलर यांचा निष्कर्ष बरोबर होता, आणि मराठीशी त्याचा थेट संबंध आहे. याच विचाराने भारलेल्या मंडळींनी १७९२ मध्ये केटरिंगला मिशनरी सोसायटी काढली आणि तिचे विल्यम कॅरी बंगालात आले. कॅरींनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण, १८१० मध्ये कोश आणि १८११ मध्ये नवा करार छापला. निवडलेले कोण हे आधी कळल्याशिवाय कोणाला बोलवायचे नाही, असे ठरले असते तर यातले काहीच झाले नसते.

पुढे १८२९ मध्ये मुंबईला आलेले जॉन विल्सन ज्या स्कॉटिश चर्चचे होते, त्याची विश्वासकबुली वेस्टमिन्स्टरचीच. आज ही परंपरा चर्च ऑफ नॉर्थ इंडियात मिळाली आहे. १९७० साली नागपूरला ते चर्च स्थापन झाले तेव्हा प्रेस्बिटेरियन वारसा असलेल्या मंडळ्या आणि आर्मिनियसच्या बाजूने उभ्या राहिलेल्या जॉन वेस्लीच्या परंपरेतल्या मेथडिस्ट मंडळ्या एकत्र आल्या. निवडीचा वाद मिटवून मग त्या एक झाल्या असे नाही. त्यामुळे या मंडळ्यांच्या पाळकांना माझी एवढीच विनंती आहे. मला देव हवा आहे पण मी निवडलेला आहे की नाही कळत नाही, असे म्हणत कोणी आले, तर त्याच्या इच्छेची परीक्षा घेत बसू नका. त्याला डॉर्टचे सोळावे कलम वाचून दाखवा आणि मेजाशी बसवा.